सँटोरिनीचा सूर्यास्त बुडवला

सँटोरिनीला जाऊन सूर्यास्त न बघता परत आलेली माणसं आमच्या ओळखीत तरी आम्ही दोघंच. ऑफिसात हे सांगितलं तर सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू आग्र्याला जाऊन पेठा खाऊन आलो आणि ताजमहाल राहिला. ते ईया गाव, पांढरी घरं, निळे घुमट, हातात मोबाईल घेऊन कठड्यावर दाटीवाटीने उभी राहिलेली जनता... सगळं ठरलेलं होतं. पण झालं असं की त्या दुपारी 'तासाभरात उरकू' म्हणून आम्ही बेटाच्या दुसऱ्या टोकाला अक्रोतिरी नावाच्या ठिकाणी गेलो, आणि बंद व्हायची वेळ झाली म्हणून तिथल्या माणसाने हाकलेपर्यंत तिथेच होतो. पुढे बस चुकली. सूर्य कुठल्या तरी टेकडीमागे बुडाला असणार. असो.

तर आज त्या न बघितलेल्या सूर्यास्ताऐवजी जे बघितलं त्याबद्दल. लेख जरा लांबलाय, चहा घेऊनच बसा.

आधी थोडा भूगोल. सँटोरिनीचं ग्रीक नाव थिरा. नकाशा उघडून बघा. मुख्य बेट चंद्रकोरीसारखं, समोर थिरासिया नावाचं छोटं बेट, आणि मधल्या पाण्यात दोन काळेकुट्ट तुकडे. ही सगळी मिळून एका ज्वालामुखीची कड आहे. इ.स.पू. १६०० च्या आसपास, म्हणजे आजपासून साधारण ३६०० वर्षांपूर्वी, त्याचा प्रचंड उद्रेक झाला आणि बेटाचा मधला मोठा भाग खचून समुद्राखाली गेला. ज्या कड्यावर उभं राहून लोक सूर्यास्ताचे फोटो काढतात, तो त्या खड्ड्याचा काठ. मधले काळे तुकडे म्हणजे त्यानंतर समुद्रातून वर आलेला नवा ज्वालामुखी. त्याचा शेवटचा उद्रेक १९५० मधला. म्हणजे प्रकरण अजून बंद झालेलं नाही.

या उद्रेकाच्या राखेखाली एक अख्खं गाव गाडलं गेलं. गाव कसलं, चांगलं भरभराटीचं बंदर. आपल्याला पाँपेई माहीत असतं, पण पाँपेई गाडलं गेलं इ.स. ७९ मधे. हे त्याच्या जवळजवळ १७०० वर्षं आधीचं. अक्रोतिरी हे नावसुद्धा त्या गावाचं नाही बरं का. ते शेजारच्या आजच्या खेड्याचं नाव. तिथे राहणारे लोक स्वतःच्या गावाला काय म्हणायचे, कोणती भाषा बोलायचे, हे कळायला मार्ग नाही. 'लिनिअर ए' नावाच्या लिपीतले थोडे मातीच्या पाट्यांचे तुकडे सापडलेत, पण ती लिपी आजतागायत कोणाला वाचता आलेली नाही.

आत शिरल्यावर पहिला धक्का असा, की आपण 'अवशेष' बघायला गेलेलो नसतोच. अवशेष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुडघ्याएवढे पाये आणि 'येथे राजवाडा होता' अशी पाटी. इथे घरं उभी आहेत. दोन मजली, काही तीन मजली. मोठं छप्पर टाकून सगळं झाकलंय आणि लाकडी मार्गांवरून फिरत फिरत आपण एका गल्लीत वरून डोकावतो. खिडक्या आहेत, दरवाजे आहेत, जोत्याला टेकवलेले धान्याचे रांजण आहेत. गल्ली पुढे एका तिकोनी चौकात उघडते. त्या चौकात 'पश्चिम घर' म्हणून ओळखलं जाणारं एक घर आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर... संडास. दगडी बैठक, भिंतीतून खाली उतरणारा मातीच्या नळांचा पाइप, आणि रस्त्याखालून जाणारं गटार. ३६०० वर्षांपूर्वी, पहिल्या मजल्यावर! मी तिथे किती वेळ उभा होतो हे सांगत नाही. बायकोने त्याचा फोटो काढून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'यांचं ड्रेनेज आपल्यापेक्षा बरं होतं.'

याच घराच्या वरच्या मजल्यावर मागाच्या दोऱ्यांना ताण द्यायची मातीची वजनं शेकड्यांनी सापडली. म्हणजे तिथे विणकाम चालायचं. आणि त्याच मजल्यावरच्या एका खोलीत भिंतीच्या वरच्या कडेने एक लांब पट्टाचित्र होतं. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात निघालेली सजवलेली जहाजं, सोबत उड्या मारणारे डॉल्फिन, गच्चीवर चढून बघणारे लोक. गच्चीवर चढून मिरवणूक बघायची सवय किती जुनी आहे बघा.

बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माणसं कुठायत?"

"म्हणजे?"

"अरे, पाँपेईला ते साचे असतात ना माणसांचे. इथे एकही नाही दाखवलेला."

मी फलक वाचायला लागलो. आणि मग इथून पुढचा सगळा वेळ त्याच एका प्रश्नात गेला. कारण खरंच, अक्रोतिरीत आजवर उद्रेकात मेलेल्या एकाही माणसाचा सांगाडा सापडलेला नाही. गाव जागेवर, भांडी जागेवर, धान्य जागेवर. माणसं गायब.

याचं उत्तर कसं शोधलं गेलं ते सांगण्याआधी हे गाव सापडलं कसं तेही सांगतो, कारण त्यात आपल्या मुंबईचा एक धागा आहे. १८६० च्या दशकात सुएझ कालव्याचं काम चालू होतं. त्यासाठी पाण्यात टिकणारा चुना-सिमेंट हवा होता आणि थिराची ज्वालामुखीची राख त्यात मिसळायला उत्तम. म्हणून इथे राखेच्या खाणी जोरात खोदल्या गेल्या. खाणींच्या तळाशी दगडी भिंती लागायला लागल्या. १८६६ मधे ज्वालामुखी पुन्हा जागा झाला, तो बघायला फूके नावाचे फ्रेंच भूवैज्ञानिक आले होते. त्यांनी या भिंती बघितल्या आणि ओळखलं की हे उद्रेकाच्या आधीचं काहीतरी आहे. १८६९ मधे कालवा उघडला, युरोपहून येणारी जहाजं आफ्रिकेचा वळसा न घालता थेट मुंबईकडे यायला लागली, आणि मुंबईचं काय झालं ते आपण जाणतोच. ज्या राखेने एक बंदर पुरलं तीच दुसऱ्या बंदरांच्या भरभराटीच्या कामी आली.

खरं उत्खनन मात्र फार नंतर झालं. स्पिरिदोन मारिनातोस नावाचे ग्रीक पुरातत्त्वज्ञ १९३० च्या दशकात क्रीट बेटावर खोदत होते. तिथे किनाऱ्याजवळच्या एका जुन्या वाड्यात त्यांना प्युमिस सापडला. प्युमिस म्हणजे टाचा घासायच्या वजरीसारखा हलका, भोकं पडलेला ज्वालामुखीचा दगड. क्रीटवर ज्वालामुखी नाही. मग हा आला कुठून? १९३९ मधे त्यांनी लेख लिहून मांडलं की थिराच्या उद्रेकानेच क्रीटची मिनोअन संस्कृती संपवली. मग महायुद्ध आलं आणि विषय राहिला. शेवटी १९६७ मधे, त्यांचं वय साठीच्या पुढे गेलेलं असताना, त्यांनी अक्रोतिरीच्या शेतांत खोदायला सुरुवात केली. जागा निवडायचं कारण साधं होतं. तिथली राख वाहून जाऊन पातळ झाली होती, आणि शेतातली जमीन मधेच खचायची, म्हणजे खाली काहीतरी पोकळ असणार. खोदल्यावर थोड्याच वेळात भिंती लागल्या.

गंमत म्हणजे त्यांचा मूळ सिद्धांत बरोबर निघाला नाही. क्रीटचे वाडे जळले ते उद्रेकानंतर काही काळाने. थिराची राख त्या थराच्या खाली सापडते. चुकीच्या कारणासाठी खोदायला गेले आणि त्याहून मोठी गोष्ट हाताला लागली. १ ऑक्टोबर १९७४ ला उत्खनन चालू असतानाच, त्याच जागी, मारिनातोस वारले. त्यांच्यानंतर ख्रिस्तोस दूमास यांनी काम हाती घेतलं आणि पुढची कित्येक दशकं चालवलं. एवढं होऊनही खोदून झालंय ते साधारण एक हेक्टर. अख्खं गाव वीसेक हेक्टरचं असावं असा अंदाज आहे. म्हणजे आम्ही जे चार तास बघत होतो ती पुस्तकाची पहिली काही पानं.

आता मूळ प्रश्न. माणसं कुठे गेली?

आमचं काम करणाऱ्या लोकांना सर्व्हर पडला की आधी लॉग बघायची सवय असते. कोणती गोष्ट कशाच्या आधी झाली, एवढं नीट लावलं की निम्मं काम होतं. इथे लॉग म्हणजे मातीचे थर. ते खालून वर वाचायचे.

पहिली नोंद: भूकंप. एका घराचा दगडी जिना आहे, त्याची प्रत्येक पायरी बरोबर मधे तुटलीय, वरपासून खालपर्यंत. तो राखेच्या वजनाने नाही, भूकंपाने तुटला. काही भिंती पडल्या, काही खोल्या राहण्याजोग्या उरल्या नाहीत. पण याही वेळी ढिगाऱ्याखाली मेलेली माणसं सापडत नाहीत. म्हणजे एक तर आधी छोटे धक्के बसून लोक बाहेर पडले होते, किंवा मेलेल्यांना नंतर बाहेर काढून नीट पुरलं.

दुसरी नोंद, आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली ती हीच: लोक परत आले. पडलेले दगड उचलून बाजूला रचलेले ढीग सापडलेत. रस्ते मोकळे केलेत. धोकादायक भिंती पाडायला वापरलेले जड दगडी हातोडे सापडलेत. आणि त्या पश्चिम घरात, जिथे संडास आणि जहाजांचं चित्र आहे तिथे, दोन भांडी सापडली. एकात वाळलेला गिलावा, दुसऱ्यात वाळलेला लाल रंग. घर पुन्हा रंगवायला काढलं होतं हो त्यांनी! कुणीतरी ब्रश खाली ठेवला, 'उद्या करू' म्हणून.

तिसरी नोंद: राखेचा एक पातळ थर. फक्त काही सेंटिमीटर. ज्वालामुखीने घसा साफ केला म्हणा. मुख्य उद्रेकाच्या थोडं आधी हा थर पडला. भूकंप आणि उद्रेक यांच्यामधे नेमका किती वेळ गेला, काही आठवडे की त्याहून बरंच जास्त, यावर मतभेद आहेत. पण दुरुस्तीला हात घालावा इतका तरी गेला.

चौथी नोंद: निघून गेले. आणि घाबरून पळाले असं दिसत नाही. कारण घरांत मौल्यवान असं जवळजवळ काही सापडत नाही. दागिने नाहीत, धातूच्या चांगल्या वस्तू फारशा नाहीत. एवढ्या श्रीमंत गावात! राहिलं ते काय? जड ते सगळं. रांजण, दगडी जाती, पलंग. लाकूड कधीच कुजून गेलं, पण राखेत त्याच्या आकाराची पोकळी राहिली. तिच्यात प्लास्टर ओतून पलंगांचे आणि एका कोरीवकाम केलेल्या तिपाई मेजाचे साचे काढलेत. ते मेज बघितलं तर आजच्या कुठल्याही दिवाणखान्यात शोभेल.

सोन्याची म्हणावी अशी एकच ठळक वस्तू सापडली, १९९९ मधे. रानबोकडाची छोटीशी मूर्ती. ती लाकडी पेटीत होती, आणि पेटी मातीच्या मोठ्या पेटीत, शेजारी शिंगांचा ढीग. ही कुणाच्या घरची चीज नसून देवाची असावी, म्हणून तिला कोणी हात लावला नाही असा तर्क आहे. (बायकोचं मत वेगळं. ती म्हणाली, "प्रत्येकाला वाटलं असेल दुसऱ्याने घेतली." आमच्या घरात पासपोर्टच्या बाबतीत हे एकदा झालेलं आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.)

पाचवी नोंद म्हणजे खुद्द उद्रेक. आधी प्युमिसचा पाऊस, मग वाफ आणि राखेचे लोट, मग गरम राखेचे आणि दगडांचे प्रवाह. गावावर काही मीटरचं पांघरूण पडलं आणि पुढे ३६०० वर्षं ते कोणी उचललं नाही.

हे सगळं झालं कधी, यावर मात्र जोरदार भांडण आहे, आणि तेही आमच्या धंद्यातल्यासारखंच. दोन यंत्रांची घड्याळं जुळत नसली की लॉग कसे वाचायचे? पुरातत्त्वज्ञांचं घड्याळ इजिप्तच्या राजांच्या वंशावळीवर चालतं. मातीच्या भांड्यांच्या घाटावरून ते उद्रेक इ.स.पू. १५०० च्या जवळपास आणून ठेवायचे. दुसरं घड्याळ कार्बन-१४ चं. थिराच्या प्युमिसमधे उभ्याने गाडली गेलेली ऑलिव्हची एक फांदी सापडली आणि तिच्यावरून २००६ मधे जाहीर झालं, इ.स.पू. १६२७ ते १६०० च्या मधे. शंभर वर्षांचा फरक! ही तारीख हलली तर ग्रीस, इजिप्त, सायप्रस, सगळ्यांच्या इतिहासाचं वेळापत्रक हलतं, म्हणून भांडण. २०१८ मधे झाडांच्या एकेका वर्षाच्या कड्यांमधला कार्बन मोजल्यावर कळलं की कार्बनच्या घड्याळाचा तक्ताच त्या काळापुरता थोडा सरकवायला हवा, आणि तारीख सोळाव्या शतकात यायची शक्यता वाढली. दोन्ही घड्याळं जवळ आलीत, पण पूर्ण जुळलेली नाहीत. म्हणून मी वर 'च्या आसपास' असं लिहून सुटका करून घेतली.

दुसऱ्या दिवशी फिरा गावातल्या संग्रहालयात गेलो. तिथे माकडं आहेत. म्हणजे भित्तिचित्रातली. निळी माकडं खडकांवर उड्या मारतायत, शेपट्या वर कमानीसारख्या. ग्रीक बेटांवर माकडं कधीच नव्हती, मग चित्रकाराने बघितली कुठे? पूर्वी सगळे म्हणायचे, इजिप्तमार्गे आलेली आफ्रिकेची. पण २०१९ मधे काही पुरातत्त्वज्ञ आणि माकडांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी मांडलं की शेपटी धरायची ही तऱ्हा, लांब हातपाय आणि करड्या अंगाचा रंग बघता (करड्यासाठी तेव्हा निळा रंग वापरायची पद्धत होती) ही आपल्याकडची लंगूर आहेत. लंगूर म्हणजे आपलं काळ्या तोंडाचं वानर, सह्याद्रीत कुठेही घाटात दिसतं ते! सगळ्यांना हे पटलंय असं नाही. आफ्रिकेचीच म्हणणारेही अजून आहेत. पण सिंधू खोऱ्यातला माल मेसोपोटेमियापर्यंत जायचा हे नक्की, आणि तिथून वस्तू, चित्रं, कदाचित जिवंत माकडंसुद्धा पुढे पश्चिमेला सरकली असतील. दुसऱ्या एका इमारतीतल्या चित्रात तर मुली केशराची फुलं वेचतायत आणि एक निळं माकड बसलेल्या देवीला केशर देतंय. देवीपुढे हात पुढे करून उभं असलेलं वानर. मला लगेच काय आठवलं ते सांगायला नको, पण इतिहासात अशा उड्या मारायच्या नसतात हेही कळतं, म्हणून इथेच थांबतो.

त्या दिवशी जेवायला एका छोट्या खाणावळीत 'फावा' मागवला. पिवळं, घोटलेलं, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. बायको पहिला घास खाऊन म्हणाली, "हे पिठलं आहे." जवळपास. ही डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली. आणि हीच डाळ अक्रोतिरीच्या भांड्यांत सापडलेली आहे. गाव गेलं, भाषा गेली, नाव गेलं. पिठलं राहिलं.

आता त्या प्रश्नाचा उरलेला भाग. फलक वाचून मी बायकोला खुशीत सांगितलं होतं, "सगळे वाचले! वेळेवर निघाले!" आणि आम्ही दोघांनीही ते इतकं पटकन मान्य केलं, कारण ते ऐकायला छान वाटतं. पण नंतर वाचत गेलो तसं कळलं की लॉग एवढंच सांगतो की ते घरांतून निघाले. बेटावरून निघाले का, ते तो सांगत नाही. गावाचं बंदर अजून सापडलेलं नाही. हजारो माणसं, मर्यादित जहाजं. ती बंदराकडे गेली असतील, किनाऱ्यावर रांगेत उभी राहिली असतील, आणि तिथे त्यांचं काय झालं ते कदाचित त्या न खोदलेल्या राखेखाली आहे. उत्खनन करणाऱ्यांनाही ही शंका आहेच.

आणि जहाज मिळालेले तरी कुठपर्यंत सुटले? तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर चेश्मे इथे, थिरापासून २०० किलोमीटरहून जास्त लांब, त्सुनामीने वाहून आलेल्या ढिगाऱ्यात एका तरुणाचा सांगाडा आणि एक कुत्रा सापडला. हे संशोधन २०२१ च्या शेवटी प्रसिद्ध झालं. इतक्या मोठ्या उद्रेकाचा, आपत्तीच्याच थरात सापडलेला असा पहिला बळी. तो थिराचा नव्हताच. आपल्या गावात होता, धोक्यापासून दूर, आणि त्याला बहुधा कोणी काही सांगितलंही नव्हतं.

मग मला ते रंगाचं भांडं पुन्हा आठवलं. २६ जुलै २००५ ला मी मुंबईत नोकरीला होतो. दुपारी दोनला बॉस म्हणाला, निघायचं असेल तर निघा. आम्ही चौघं म्हणालो, थांबेल तासाभरात, बिल्ड तेवढं संपवू. रात्र ऑफिसात टेबलावर काढली, आणि ती नशिबाने. आमच्यासारखेच 'थांबेल' म्हणून उशिरा निघालेले कित्येक जण त्या रात्री घरी पोचले नाहीत. पहिल्या इशाऱ्याला आपण कोणीच निघत नाही. आपण परत येतो, दगड बाजूला करतो, रंग कालवतो. अक्रोतिरीच्या लोकांनीही तेच केलं. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की दुसऱ्या इशाऱ्याला, ती चार बोटं राख पडल्यावर, त्यांनी अर्धा रंगवलेला वाडा तसाच सोडला. ते किती अवघड असतं ते कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाला विचारा.

आणि धोका फक्त ज्वालामुखीचाच असतो असंही नाही. २३ सप्टेंबर २००५ ला अक्रोतिरीवर नव्याने बांधलेल्या छपराचा एक भाग कोसळला, काम पुरं होत आलेलं असताना. एक ब्रिटिश पर्यटक त्यात गेला. जागा २०१२ पर्यंत बंद राहिली. ३६०० वर्षं उभ्या असलेल्या भिंती बघायला आलेला माणूस नव्या छपराखाली मेला. आता तिथे जे छप्पर आहे ते त्याच्यानंतरचं. हे वाचल्यापासून त्या दिवशीच्या आठवणीत मी मधेच वर बघतो.

हा लेख अर्धा लिहून पडला होता. तो पुरा केला तो २०२५ च्या बातम्यांमुळे. त्या वर्षी जानेवारीअखेर सँटोरिनी आणि अमोर्गोस बेटांच्या मधल्या समुद्रात धक्के सुरू झाले, हजारोंनी. फेब्रुवारीत सरकारने आणीबाणी जाहीर केली, शाळा बंद झाल्या, आणि ११,००० हून जास्त लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. टीव्हीवर बंदरावरची रांग दाखवत होते. बॅगा, मुलं, पिंजऱ्यात मांजर. जुन्या लोकांना ९ जुलै १९५६ चा भूकंप आठवत होता, ज्यात या बेटावर ५३ माणसं गेली होती. या वेळी मोठा उद्रेक झाला नाही. हळूहळू धक्के कमी झाले आणि लोक परतले. काही जण म्हणाले, उगाच गेलो.

बातमी बघता बघता बायको म्हणाली, "उगाच काय? असंच जायचं असतं."

मग ती उठली आणि आमचे दोन्ही पासपोर्ट कपाटातून काढून एकाच पाकिटात घालून ठेवले. ते पाकीट कुठे आहे हे आता दोघांनाही माहीत आहे.